सायनस हा रस्ता आहे, रोग नाही!

ह्यांच्या ऑपरेशनला 2 महिने झाले, पण हॉस्पिटलातला तो विम्याचा कॅशलेस डेस्क आठवला की माझं डोकं अजून तापतं.

दसरा चौकात ह्यांची गाडी महिन्यात दोनदा बाजूच्या रिक्षाला घासली. चष्मा बदलून फरक शून्य. डोळ्यांच्या डॉक्टरांनी फील्ड टेस्ट केली तेव्हा कळलं, दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचं दिसतच नाही. एमआरआयमध्ये पिट्युटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीची, गाठ निघाली, दृष्टीच्या नसांवर दाबणारी.

न्यूरोसर्जन आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर मिळून नाकातून दुर्बिणीने काढणार होते. नाकामागं स्फेनॉइड सायनस नावाची पोकळी असते, तिच्या वरच हाडाच्या खोबणीत ही ग्रंथी. तिथून गेलं की मेंदू बाजूला सारावा लागत नाही.

आणि इथंच माशी शिंकली. कॅशलेसच्या फॉर्मवर 'नाकातून, स्फेनॉइड सायनसमार्गे' असं होतं. विमा कंपनीचं उत्तर: सायनसच्या ऑपरेशनला पॉलिसी घेतल्यापासून 2 वर्षं वेटिंग, तुमची पॉलिसी 14 महिन्यांची, नामंजूर. डेस्कवरच्या पोराला म्हटलं, "अरे दादा, जोतिबाला जाताना शिवाजी पूल लागतो, म्हणून आपण पूल बघायला गेलो का?" तो म्हणाला, "मॅडम, मी फक्त अपलोड करतो."

असे 4 दिवस गेले. हेल्पलाइनवर दर वेळी नवा माणूस, परत पॉलिसी नंबरापासून सुरुवात. नियमानं कॅशलेसचं उत्तर तासाभरात यायला हवं. यायचंही, पण दर वेळी नवी क्वेरी घेऊन! इकडं ह्यांची नजर चाललीय आणि मी झेरॉक्स काढतेय.

शेवटी एका रेसिडेंट डॉक्टर मुलीनं पत्र नव्यानं लिहिलं. आधी निदान, मग दृष्टीला धोका, नाकाचा मार्ग सगळ्यात शेवटी. सोबत एमआरआय आणि फील्ड टेस्टचे कागद. दुपारी साडेतीनला मंजुरी. मी तिथंच जिन्यात बसून रडले.

तेव्हा पत्र याच क्रमानं मागून घ्या. वेटिंगची यादी आधी वाचा, काही पॉलिसींत त्या यादीत साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, गाठीही असतात. हो, कॉर्टिसॉल वगैरे हार्मोनच्या तपासण्या ऑपरेशनआधीच होतात, तेही रिपोर्ट फाइलला लावा.

नंतर नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं गळलं तर सर्दी समजू नका, मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, लगेच डॉक्टरांना फोन करा. लघवी मोजून लिहावी लागते, वही जवळ ठेवा.

ह्यांना आता दोन्हीकडच्या रिक्षा दिसतात. गल्लीत मात्र अजून विचारतात, "नाकाचं हाड वाढलं होतं का हो?" परवा सासूबाईंनी कंटाळून 'होय' म्हणून टाकलं.