बाजारात न उतरलेल्या ट्रॅक्टरांच्या शोधात

अमेरिकेतल्या डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये सगळी गर्दी केनेडींच्या काळ्या लिंकन मोटारीभोवती आणि रोझा पार्क्स यांच्या बसभोवती असते. शेतीच्या यंत्रांचा विभाग त्या मानाने ओस. सागवानी फरशीवरून चालत मी तिकडे वळलो, कारण मला बघायचं होतं १९०७ सालचं फोर्डचं ‘ऑटोमोबाइल प्लाऊ’. कधीच विकायला न निघालेला ट्रॅक्टर.

पहिल्यांदा बघताना थोडी निराशाच होते. सांगाडा तेवढा दिसतो. उभं चार सिलिंडरचं इंजिन, मागे मोठी पोलादी चाकं, चालकाच्या डोक्यावर छप्पर वगैरे काही नाही. पण प्रत्येक भाग कुठून आला ते कळलं की मजा वाटायला लागते. इंजिन १९०५ च्या मॉडेल बी मोटारीचं. स्टिअरिंग मॉडेल के चं, म्हणजे फोर्डच्या सगळ्यात महागड्या, सहा सिलिंडरच्या गाडीचं. मागची चाकं धान्य कापून पेंढ्या बांधणाऱ्या बाइंडर यंत्राची. श्रीमंतांच्या मोटारीचं स्टिअरिंग आणि कापणी यंत्राची चाकं एकाच सांगाड्यावर! घाईघाईत, हाताला लागेल ते जोडून केलेलं काम आहे हे लांबूनही कळतं, आणि मला तेच आवडलं. चकचकीत मॉडेल बघून कळत नाही की करणाऱ्याला नेमकं काय तपासायचं होतं. इथे स्पष्ट कळतं: मोटारीच्या सुट्या भागांतून नांगर ओढण्याइतकी ताकद निघते का?

निघत होती. पण पुढच्याच वर्षी मॉडेल टी मोटार आली आणि कारखान्याला दुसरं काही सुचेना. फोर्डचा ट्रॅक्टर, म्हणजे फोर्डसन, बाजारात यायला १९१७ उजाडलं, आणि तोही हेन्री फोर्डने मुलाला घेऊन काढलेल्या वेगळ्या कंपनीतून.

मधल्या दहा वर्षांत जे झालं त्यासाठी मला नेब्रास्कातल्या लिंकनला जायचं होतं. मिनियापोलिसमध्ये काही लोकांनी फोर्ड आडनावाचा एक माणूस हाताशी धरून ‘फोर्ड ट्रॅक्टर कंपनी’ काढली. हेन्री फोर्डशी संबंध शून्य, नाव मात्र तेच. शेतकऱ्यांनी विश्वासाने ट्रॅक्टर घेतले आणि ते धड चालेनात. फसलेल्यांपैकी एक होते विल्मट क्रोझिअर, शेतकरी आणि नेब्रास्का विधिमंडळाचे सदस्य. त्यांनी दुसऱ्या कंपनीचा ट्रॅक्टर घेतला, तोही टाकाऊ निघाला. तिसरा, रूमली ऑइलपुल, चांगला निघाला, पण तोवर त्यांचा संयम संपला होता. १९१९ मध्ये नेब्रास्काने कायदाच केला: विद्यापीठात चाचणी झाल्याशिवाय नवं मॉडेल राज्यात विकायचं नाही. जो ट्रॅक्टर फोर्डने बाजारात आणला नाही, त्याची जागा नावाच्या जोरावर दुसऱ्याने भरली आणि त्यातून कायदा जन्माला आला. न आलेल्या यंत्राचाही इतिहास असतो तो असा.

लिंकनचं लेस्टर लार्सन ट्रॅक्टर म्युझियम विद्यापीठाच्या ईस्ट कॅम्पसवर, जुन्या चाचणी केंद्राच्या इमारतीतच आहे. डिअरबॉर्नच्या भव्यतेनंतर हे अगदी आटोपशीर. पहिली पूर्ण झालेली चाचणी १९२० च्या वसंतातली, वॉटर्लू बॉय मॉडेल एन ची. बाहेर काँक्रीटचा लंबवर्तुळाकार ट्रॅक आहे. ट्रॅक्टरमागे चाचणीची गाडी जोडायची, तिने ओढ धरायची आणि ट्रॅक्टर किती जोर लावतो, किती इंधन खातो ते मोजायचं. जाहिरातीतला हॉर्सपॉवरचा आकडा इथे येऊन खरा-खोटा ठरायचा. विकणाऱ्यांना किती धाक असेल!

याच विद्यापीठात जुलै १९६१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने एचटी-३४० ट्रॅक्टर दाखवला. मला विचाराल तर बाजारात न आलेल्या ट्रॅक्टरांतला हा सगळ्यात सुंदर. फायबरग्लासचं बॉनेट आणि आत पिस्टनचं इंजिनच नाही, गॅस टर्बाइन, म्हणजे तापलेल्या वायूच्या झोताने फिरणारं चक्र! कंपनीच्याच सोलर विभागात बनलेलं हे टर्बाइन सुमारे ४० किलोचं, म्हणजे एक माणूस उचलेल इतकं. ताकद ८० हॉर्सपॉवर, ट्रॅक्टरसाठी ती ४० वर आणलेली. फेरे मिनिटाला ५७,०००.

कागदावर झकास. पण टर्बाइनला एकसारखा पूर्ण भार लागतो, आणि शेतात भार कधी एकसारखा असतो? फाळ घट्ट जमिनीत गेला की ओढ वाढते, बांधाशी वळताना शून्यावर येते. कमी भारावरही टर्बाइन इंधन ढोसत राहतं. वर आवाज असा की दिवसभर त्यावर बसायचं म्हणजे जेट विमानाच्या पंखावर बसून नांगरणी.

मात्र त्या ट्रॅक्टरमध्ये दुसरी एक गोष्ट होती, लोकांचं लक्ष टर्बाइनकडे गेल्यामुळे झाकली गेलेली. चाकांपर्यंत ताकद नेणारी हायड्रोस्टॅटिक यंत्रणा. पंपाने तेल दाबायचं आणि त्या दाबावर मोटर फिरवायची. गिअर बदलण्याची भानगड नाही, एका लिव्हरने वेग हवा तेवढा, पुढे किंवा मागे. १९६७ मध्ये इंटरनॅशनलने हीच कल्पना साध्या इंजिनाला जोडून ६५६ हायड्रो विकायला काढला. त्याच वर्षी एचटी-३४० वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे रवाना झाला. टर्बाइन संग्रहालयात, तेलाचा पंप शेतात. आज कम्बाइन हार्वेस्टर बहुतेक याच तत्त्वावर चालतात. तेल तापण्यात थोडी ताकद वाया जाते, पण पीक दाट-विरळ होईल तसा वेग बदलता येण्यापुढे ते परवडतं.

स्मिथसोनियनच्याच वाट्याला आलेला दुसरा नमुना ॲलिस-चाल्मर्सचा, १९५९ चा फ्युएल सेलचा ट्रॅक्टर. १,००८ सेल, एकूण १५ किलोवॅट वीज आणि २० हॉर्सपॉवरची मोटर. मुख्यतः प्रोपेन असलेलं वायूचं मिश्रण जाळायचं नाही, थेट वीज करायची. विस्कॉन्सिनमध्ये त्याने खरोखर नांगरणी करून दाखवली. धूर नाही, इंजिनाची घरघर नाही. अडलं ते यंत्रात नाही, इंधनात. तसले वायू शेतावर आणून देणार कोण? पन्नास वर्षांनी, २००९ च्या पॅरिसच्या सिमा या शेतीयंत्रांच्या प्रदर्शनात न्यू हॉलंडने हायड्रोजनचा एनएच-२ मांडला, तेव्हाही प्रश्न तोच. त्यांनी उत्तर दिलं की शेतकऱ्याने हायड्रोजन शेतावरच तयार करावा. उत्तर चांगलं, पण ट्रॅक्टर घेणाऱ्याला आधी कारखाना घ्यायला सांगण्यासारखं.

२०१६ चा केस आयएचचा केबिनच नसलेला स्वयंचलित ट्रॅक्टरही अजून दुकानात नाही. जॉन डिअरने २०२२ मध्ये स्वयंचलित ८आर आणला तो केबिनसकट. मला हे शहाणपणाचं वाटतं. ट्रॅक्टर एका शेतातून दुसऱ्या शेतात रस्त्याने न्यावा लागतो, आणि तिथे कोणीतरी बसलेलं लागतं.

कोणी जाणार असाल तर एवढंच: लिंकनला जाण्याआधी म्युझियम उघडं असण्याचे दिवस-वेळा तपासा, आणि डिअरबॉर्नला मोटारींकडे जाण्याआधी शेतीचा विभाग घाईत उरकू नका, नीट बघा. संध्याकाळपर्यंत पाय बोलायला लागतात आणि मग १९०७ च्या त्या बाइंडरच्या चाकांसमोर उभं राहायची ताकद उरत नाही.