जॉन ब्राऊनची कबर: बूट भिजणारच

“रस्त्यापासून जरासं चाललं की झालं,” असं मुक्कामाच्या ठिकाणी सांगितलं गेलं. सांगणारी बाई तिकडे कधी फिरकलीच नसणार. सतराव्या शतकात धर्मापायी मारल्या गेलेल्या जॉन ब्राऊनची ही कबर स्कॉटलंडमधल्या म्युअरकर्क गावाबाहेर प्रीस्टहिलच्या माळावर आहे, आणि शेतं संपली की नुसती दलदल. गवताच्या गड्ड्यावर पाय टाकला तर तो कलतो, दोन गड्ड्यांच्या मधे टाकला तर काळं पाणी थेट मोज्यात. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला. सह्याद्रीत चालणारे जाळीचे शूज इथे कुचकामी, घोट्याच्या वरपर्यंतचे वॉटरप्रूफ बूटच हवेत.

मी चिडून चालत होते, पण एक गोष्ट डोक्यात शिरली: या चिखलात घोडेस्वार फार आत येऊ शकत नाही. राजाने लादलेले बिशप न मानणाऱ्या पाद्र्यांना 1662 मध्ये चर्चमधून हुसकलं, तेव्हा लोक अशाच माळांवर प्रार्थनेला जमायला लागले. 1670 पासून उघड्यावर प्रवचन देणाऱ्याला मृत्युदंड होता. ब्राऊन त्या लोकांपैकीच, सामानाची ने-आण करून पोट भरणारा माणूस. 1 मे 1685 ला राजाचा सेनाधिकारी क्लेव्हरहाउसने त्याला राजाविरुद्ध शस्त्र उचलणार नाही अशी शपथ घ्यायला सांगितली. तो नाही म्हणाला, आणि त्याच्या घरापुढेच, बायकोदेखत गोळी घातली गेली. मरताना त्याला फारसं काही वाटलेलं दिसलं नाही, हे खुद्द क्लेव्हरहाउसनेच वर कळवलंय.

कबरीची शिळा आडवी आहे. तिच्यावरच्या कवितेच्या ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचा, त्याचं नाव निघतं. अक्षरं झिजलीत, ऊन तिरकं असताना जा. हात घासू नका.

याच छळाची दुसरी जागा विगटाऊन. तिथे फळ्यांची वाट आहे, कुणीही जाईल. भरतीच्या पाण्यात खांबाला बांधून बुडवलेल्या दोघींपैकी मार्गारेट विल्सन 18 वर्षांची होती. एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स कबरस्तानात याच लोकांना कैदेत ठेवलं होतं, तो भाग कुलूपबंद असतो आणि भुतांच्या टूरवाल्यांबरोबर आत जाता येतं. मी पैसे दिले नाहीत, तुम्हीही देऊ नका.

म्युअरकर्कला रेल्वे नाही, ऑकिनलेकला उतरून टॅक्सी करावी लागते. आमच्या टॅक्सीवाल्याने थांबण्याचे वेगळे पैसे लावले, ते शेवटी सांगितले आणि वर हसला. जाण्या-येण्याचा आणि थांबण्याचा मिळून एकच आकडा आधी वदवून घ्या, वेळही तासभर वाढवून सांगा. एप्रिल-मेमध्ये माळावर कोकरं असतात, फाटकं होती तशीच लावून पुढे जा.