शिष्यवृत्तीचा फॉर्म अडतो तो दाखल्यांवर

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा फॉर्म भरायला तासभर पुरतो. त्यासाठी लागणारे दाखले हातात यायला मात्र महिना-दोन महिने जातात आणि नेमका तोच वेळ प्रवेशाच्या आठवड्यात कुणाकडे नसतो. पात्र असूनही पूर्ण फी भरणारी मुलं ठाणे आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांत दर वर्षी दिसतात. नियमात ती बसत असतात, फक्त कागद उशिरा आलेला असतो. म्हणून कागदांची तयारी बारावीची परीक्षा संपताच, एप्रिलमध्ये सुरू करा.

उत्पन्नाच्या दाखल्यापासून सुरुवात. २०२५-२६ च्या प्रवेशाला २०२४-२५ चं उत्पन्न दाखवणारा, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेला दाखला लागायचा. हेच गणित दर वर्षी एकेक वर्ष पुढे सरकतं. अर्ज 'आपले सरकार' या सरकारी पोर्टलवर घरूनही करता येतो. रेशनकार्ड, आधार आणि उत्पन्नाचा पुरावा जोडायचा. नोकरदार पालक फॉर्म १६ ची वाट बघत बसतात आणि तो कंपनीकडून जूनच्या मध्यावर मिळतो. तोवर सीईटीवरच्या (सामाईक प्रवेश परीक्षा) प्रवेशांची गडबड सुरू झालेली असते. त्याऐवजी एप्रिलमध्येच कंपनीकडून वर्षभराच्या पगाराचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा घ्या आणि त्यावर अर्ज करून टाका. गावाकडे शेती असेल तर सातबारा आणि तलाठ्याचा अहवाल लागतो, त्यासाठी वेगळे दिवस धरा.

इथे नवी मुंबईकरांची एक गफलत हमखास होते. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे तालुक्यात येतो, त्यामुळे दाखला ठाण्याच्या तहसीलदारांचा. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल मात्र पनवेल तालुक्यात आणि रायगड जिल्ह्यात. पत्त्यात सगळीकडे 'नवी मुंबई'च लिहिलेलं असतं. खारघरचा मुलगा अर्जात जिल्हा ठाणे निवडतो, अर्ज फेटाळला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून. ठाण्याच्या बाजूलाही तसंच आहे: दिवा, मुंब्रा ठाणे तालुक्यात, तर डोंबिवली कल्याण तालुक्यात. अर्ज भरण्याआधी तालुका तपासायचा तो रेशनकार्डावर.

जातीच्या दाखल्याचं काम याहून लांबलचक. आपलं कुटुंब ठरावीक तारखेला जिथे राहत होतं, तिथला दाखला लागतो. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा तेव्हा साताऱ्याच्या एखाद्या गावात असतील, तर तीस वर्षं कळव्यात राहूनही पुरावा गावचाच काढावा लागतो आणि दाखलाही तिकडच्या प्रांत कार्यालयातून. जात पडताळणी, म्हणजे दाखला खरा असल्याची तपासणी, तीही ज्या जिल्ह्यातून दाखला दिला गेला, तिथल्याच समितीकडे.

या पडताळणीत वेळ खातो तो आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा पुरावा. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं, त्यात जातीच्या रकान्यासकट नोंद असते आणि मुख्याध्यापक सही-शिक्क्यानिशी उतारा देतात. शाळा मे महिन्यात बंद असते हे लक्षात ठेवा. गणपतीला किंवा दिवाळीआधी गावी गेलात तर तेव्हाच उतारा काढून ठेवा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गावच्या जन्म-मृत्यू नोंदी आणि महसुली कागद शोधावे लागतात, आणि त्यात खरोखर महिने जातात. वडील, सख्खा चुलता किंवा आत्या यांच्यापैकी कुणाचं पडताळणीनंतर मिळणारं वैधता प्रमाणपत्र असेल तर काम बरंच सोपं होतं. ते पहिल्यांदा शोधा. अकरावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत पडताळणीचा प्रस्ताव टाकणं हे सगळ्यात शहाणपणाचं.

आता पैशांचं. इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत सवलत प्रवर्गानुसार बदलते. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि आर्थिकदृष्ट्या मागास (ईबीसी) मुलांना शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल (ईडब्ल्यूएस), सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं, पण प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या (कॅप) फेरीतून झालेला असला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातली जागा किंवा अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठातला प्रवेश त्यात बसत नाही. जागा स्वीकारण्याआधी हे तपासलं नाही तर नंतर हातात काही उरत नाही.

आणखी एक हिशेब. समजा शुल्क नियामक प्राधिकरणानं एखाद्या कॉलेजला १,००,००० शिक्षण शुल्क आणि १०,००० विकास शुल्क मंजूर केलंय. निम्मी सवलत फक्त पहिल्या रकमेवर, म्हणजे मुलाला भरायचे ६०,०००. पंचावन्न हजार नव्हे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक कॉलेजची मंजूर फी वर्षवार असते. कॉलेजनं दाखवलेला आकडा त्याच्याशी ताडून बघायला संकोच करू नका. पात्र मुलांकडून आधी पूर्ण फी मागणं चूक आहे, मग कारण काहीही दिलं जावो.

फॉर्म भरताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. सायबर कॅफेवाल्याच्या मोबाइल नंबरवर प्रोफाइल कधीही उघडू नका. ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण करताना पासवर्ड कुणालाच सापडत नाही. नाव आधारवर, दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि दाखल्यावर अक्षरशः सारखं हवं. आईचं नाव किंवा आडनावातलं एखादं अक्षर वेगळं असेल तर आधी आधार दुरुस्त करा. फॉर्म पाठवल्यावर निवांत बसू नका. कॉलेजच्या लॉगिनमधून तो त्रुटी दाखवून परत आला तर तो तुमच्याच खात्यात पडून राहतो. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती बघायची. मुदतवाढ मिळते या भरवशावर थांबण्यात अर्थ नाही, कारण उशिरा आलेला फॉर्म कॉलेजच्या टेबलावर शेवटच्या गठ्ठ्यात जातो.

सगळं मंजूर होऊनही पैसे येत नाहीत याचं नेहमीचं कारण बँक. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत ते खातं असणं वेगळं. शिष्यवृत्ती त्या नोंदीत जी बँक असेल तिथेच जाते, आणि नोंद शेवटच्या जोडलेल्या खात्याची राहते. सिमकार्ड घेताना उघडून दिलेल्या एखाद्या पेमेंट बँकेकडे ही नोंद गुपचूप वळलेली असू शकते. मायआधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस (आधार कोणत्या बँकेशी जोडलंय ते) बघा, बँकेचं नाव बरोबर आहे आणि स्थिती 'ॲक्टिव्ह' आहे याची खात्री करा. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या बँकेच्या शाखेत डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंगचा अर्ज द्या, नुसती केवायसी नको.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे. ठाणे आणि नवी मुंबईत वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,००० आणि निर्वाहाला ८,०००. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्यासाठी शासकीय वसतिगृहात आधी अर्ज केलेला असावा लागतो, म्हणून वसतिगृहाची आशा नसली तरी तो अर्ज टाळू नका.