नाक जड झालंय की रे

सुवर्णमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि डोळ्यांसमोर उभे राहिले ते आपले विज्ञानाचे सर. शाळेनं मला पुष्कळ दिलं, पण माझ्यासाठी शाळा म्हणजे सरच.

१९८७ साल, मी आठवीत. बीजगणिताच्या चाचणीत २५ पैकी ४ मिळाले होते. घरी दाखवायची छाती नव्हती, म्हणून मधल्या सुट्टीत त्या पेपरचंच विमान केलं आणि माडीवरच्या व्हरांड्यातून सोडलं. चार हात गेलं आणि नाकावर खाली, थेट सरांच्या पायाशी. सरांनी उचललं, उलगडलं, मार्क बघितले, मग वर बघितलं. मी खांबाआड.

"खाली ये की रे."

छडी खायला हात पुढं करूनच गेलो. सरांनी त्या हातावर कागद ठेवला. "नाक जड झालंय की रे याचं. परत घाल घडी."

तिथंच कट्ट्यावर बसलो. घडीवरून नख फिरवायचं, कागद फुगता कामा नये. मग पंखांच्या मागच्या कडा त्यांनी नखभर वर वळवायला लावल्या. वारा तिथं आपटतो, शेपूट खाली दाबतो, नाक वर येतं. मी सोडलं. ते सरळ वर चढलं, हवेत थबकलं आणि शेपटीवर पडलं. "जास्त झालं. निम्मं कर. आणि पंख सपाट नकोत, दोन्ही जरा वर धर, म्हणजे कलंडलं तरी सावरतं."

तिसऱ्यांदा ते गेलं! पाण्याच्या टाकीवरून, संथ, पार चिंचेपर्यंत. घंटा झाली तरी सर जागचे हलले नाहीत. बेळगावच्या सांबरा विमानतळाची धावपट्टी १९४२ पासून आपल्या शिवाराच्या उशाला आहे. डोक्यावरून विमान गेलं की आम्ही ओरडत धावायचो, पण त्याच्याही शेपटीला अशीच वरखाली होणारी फळी असते, हे मला त्या दिवशी कळलं.

चार मार्कांबद्दल सर अवाक्षर बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "बाबांची सही मात्र आणायची." घड्या पडलेल्या त्या पेपरवर बाबांनी सही केली. वार्षिक परीक्षेत बीजगणितात पास झालो.

आज बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं पॅटर्नचं वर्कशॉप आहे. पॅटर्न म्हणजे धातूच्या ओतकामासाठी रेतीत दाबून साचा उठवायचा नमुना. रेतीतून पॅटर्न अलगद सुटावा म्हणून त्याला किंचित ढाळ द्यावा लागतो. नवीन पोरगं जास्त तासतं तेव्हा माझ्या तोंडून आपसूक येतं, "निम्मं कर." २०१२ साली अमेरिकेत एक कागदी विमान ६९.१४ मीटर गेल्याची बातमी वाचली. सायकल काढून सरांकडे जावं असं वाटलं, आणि मग आठवलं, सर आता नाहीत.

परवा शाळेत आलो होतो. व्हरांड्याला जाळी बसली आहे. पोरांच्या जिवासाठी ती हवीच, पण माडीवरून आता काही उडत नाही. पटही कमी झालाय, वर्गातले मागचे बाक रिकामे बघून गलबलून आलं.

महोत्सवाच्या निधीत माझा वाटा दिला आहेच. मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तासभर मला मुलं द्या. पटांगणातल्या कट्ट्यावर बसू. कागद मी आणतो.