मिरीला चिप बसवली

शनिवार, रात्र

आज सकाळी आमच्या मांजरीला, मिरीला, मायक्रोचिप (कातडीखाली टोचायची ओळखीची चिप) बसवून आणली. रेबीजचा बूस्टर ड्यू होताच, म्हटलं एकाच फेरीत दोन्ही उरकून टाकू, आणि दिवाळी तोंडावर आलीय, पहिला सुतळी बॉम्ब वाजायच्या आत हे व्हायलाच हवं होतं.

घराजवळच्या क्लिनिकमध्ये विचारलं होतं, ते म्हणाले चिप मागवून देतो पण स्कॅनर नाहीये आमच्याकडे. आता स्कॅनरच नसेल तर टोचलेली चिप वाचली जातेय की नाही हे कळणार कसं? म्हणून इंदिरानगरहून थेट गंगापूर रोड गाठला, मुंबई नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये मिरी बास्केटमधून असा काही सूर लावून बसली होती की शेजारचा रिक्षावाला वाकून बघायला लागला.

डॉक्टर मॅडमनी आधी तिच्या मानेवरून, खांद्यांवरून, पोटाच्या बाजूंनी रिकामा स्कॅनर फिरवला. मिरी आम्हाला पिल्लू असताना पार्किंगमध्ये सापडली होती, तिच्यात कुठली चिप असणार, पण त्या म्हणाल्या कोणाचंही जनावर असो, आधी स्कॅन करायचंच. हे मला फार आवडलं. मग सीलबंद पाकीट फोडलं, आतल्या सुईतच चिप भरलेली असते, पाकिटावरचा 15 आकडी नंबर आणि स्कॅनरवर दिसणारा नंबर मला स्वतःला जुळवून बघायला लावला. चिप म्हणजे साधारण 12 मिलिमीटर लांब, 2 मिलिमीटर जाड काचेची नळी, इगतपुरीच्या तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठी. सुई मात्र लसीच्या सुईपेक्षा चांगलीच जाड, ती बघून माझ्याच पोटात गोळा आला. मी मिरीचं डोकं दंडाशी धरलं, मॅडमनी दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली, आणि झालं. ती ओरडलीसुद्धा नाही, फक्त कान मागे गेले. रक्ताचा एक ठिपका आला तो कापसाने टिपला. परत स्कॅनर फिरवला, बीप, तोच नंबर. त्यानंतर रेबीजचं इंजेक्शन.

हा क्रम मुद्दाम असतो हे आज कळलं. युरोपात प्राणी न्यायचा असेल तर चिप आधी किंवा निदान त्याच दिवशी लागते, चिपच्या आधी दिलेली रेबीजची लस ते धरतच नाहीत, कारण लस नक्की याच मांजरीला दिली याचा पुरावा काय? आम्ही कुठे जाणार नाही आहोत, पण ताई हॅम्बर्गला असते, उद्याचं कोणी सांगावं.

घरी आल्यावर आईचा पहिला प्रश्न, आता हरवली तर मोबाईलवर दिसेल ना गं? बऱ्याच जणांना असंच वाटतं. नाही दिसणार. चिपमध्ये बॅटरीच नसते, स्कॅनर अगदी अंगाजवळ आणला की त्याच्या रेडिओ लहरींवर ती तेवढ्यापुरती जागी होते आणि नंबर सांगते, बस. आईला मी आजोबा नावाच्या बिबट्याचं उदाहरण दिलं, तिला तो आठवत होता. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडला होता, बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या टीमने जीपीएस कॉलर लावून माळशेजला सोडला आणि तो चालत चालत पार बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पोचला. तो कुठे फिरतोय हे कळत होतं ते गळ्यातल्या कॉलरमुळे. 2011 मध्ये बिचारा गाडीखाली गेला, तेव्हा हा आजोबाच हे मात्र अंगातल्या चिपवरून ओळखलं.

आणि मला मिरीसाठी हेच हवं होतं, ती कोण आहे हे कोणालातरी सांगता येणं. कारण गेल्या दिवाळीत समोरच्या काकूंच्या बोक्याचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. लक्ष्मीपूजनाच्या रात्री माळ लागली आणि तो गॅलरीतून पळाला. बऱ्याच दिवसांनी मागच्या कॉलनीत एका घरी दिसला, काकूंना शंभर टक्के खात्री, ते लोक म्हणाले हा तर आमच्याकडे उन्हाळ्यापासून आहे. करडा, काळे पट्टे, शेपटीला काळं टोक. आपल्याकडची अर्धी मांजरं अशीच दिसतात! काकूंनी फोटो दाखवले, त्यांनीही दाखवले. भांडण कोणी केलं नाही, पण काकू जिन्यात बसून रडल्या आणि मला काय बोलावं ते सुचेना. तिथे एक नंबर असता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता, काकूंच्या बाजूने किंवा त्या लोकांच्या, पण लागला असता.

इंग्लंडमध्ये 10 जून 2024 पासून पाळीव मांजरांना चिप सक्तीची आहे, मांजर 20 आठवड्यांची व्हायच्या आत बसवायची, नाहीतर 500 पौंडांपर्यंत दंड. आपल्याकडे सक्ती राहू दे, पण सापडलेलं मांजर दुसऱ्या घरी देण्याआधी एकदा स्कॅन करायचं एवढी सवय तरी प्रत्येक क्लिनिकने आणि रेस्क्यूवाल्यांनी लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. आणि ज्यांनी चिप बसवलीय त्यांनी नंबर रजिस्टर केलाय का ते बघा प्लीज, नुसत्या 15 आकड्यांना ना नाव असतं ना पत्ता, ते चिपच्या रजिस्ट्रीत, म्हणजे नोंदवहीत, आपण भरायचे असतात आणि मोबाईल नंबर बदलला की तिथेही बदलायचा असतो. मी क्लिनिकमध्ये बसूनच फॉर्म भरला, दुसरा नंबर आईचा दिला.

गळ्यातला पट्टाही ठेवणार आहे, कुठे अडकला तर सुटणारा, वर फोन नंबर लिहिलेला. रस्त्यात मांजर सापडलेला माणूस आधी पट्टाच बघणार, त्याच्या खिशात थोडीच स्कॅनर असतो.

आत्ता मिरी फ्रिजवर बसलीय, जेवली नीट. सुईच्या जागी सूज वगैरे काही नाही. बारकोडचं एक स्टिकर लसीच्या पुस्तकात चिकटवलं, एक माझ्या फाईलमध्ये, नंबर ताईलाही पाठवून ठेवला. चिप कधी कधी कातडीखाली थोडी सरकते म्हणे, त्यामुळे दरवर्षी लसीला गेलं की स्कॅन करून घ्यायचं. काकूंकडे नवीन पिल्लू आलंय, ते 12 आठवड्यांचं झालं की रेबीजच्या पहिल्या डोसला मीच घेऊन जाणार, चिप आधी आणि लस नंतर.