तुम्ही विचारलंत म्हणून: रोजच्या लांब हायवेला हॉट हॅच चालेल का?

"रोज एक्सप्रेसवेवरून जाण्यायेण्यात तीन तास जातात. मनात हॉट हॅच आहे, पण सगळे म्हणतात, एवढ्या प्रवासाला मऊ सेडान घे. तुम्ही काय सांगाल?" हॉट हॅच म्हणजे साध्या हॅचबॅकचीच जास्त ताकदीची, चपळ आवृत्ती. थोड्याफार फरकाने हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, आणि दर वेळी दोन ओळींत उत्तर देऊन समाधान होत नाही.

माझं उत्तर आहे, जरूर घ्या. पण ती वळणावळणाच्या रस्त्यावर कशी पळते, हे पाहून निवडू नका. सरळ रस्त्यावर, एकाच वेगात, तुम्ही तिच्याकडून काहीही मागत नसताना ती तासभर कशी वागते, हे पाहून निवडा. हा गुण कुठल्याच जाहिरातीत नसतो आणि परीक्षणांतही तो शेवटच्या परिच्छेदात उरकला जातो. तुमच्या वाट्याला मात्र रोज तोच येणार आहे.

आधी ताकदीचा विषय संपवू, कारण सगळ्यात जास्त चर्चा तिची होते आणि हायवेवर सगळ्यात कमी उपयोग तिचाच असतो. मध्यम आकाराच्या हॅचबॅकला सपाट रस्त्यावर ताशी १२० किलोमीटरचा वेग नुसता टिकवायला साधारण २५ ते ३० हॉर्सपॉवर लागते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याच्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. म्हणजे १०० वरून १२० वर गेलात की हवा कापायला लागणारी शक्ती पावणेदोन पटीच्या जवळ जाते. तरीही अडीचशे हॉर्सपॉवरच्या इंजिनाचा तो जेमतेम नववा-दहावा हिस्सा. अडीचशे घ्यावी की तीनशे, यावर रात्री जागवायच्या तर खुशाल जागवा, पण रोजच्या प्रवासात तो फरक तुम्हाला जाणवणार नाही.

जाणवतो तो टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा इंजिनाचा जोर, आणि तो किती खालच्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती कमी फेऱ्यांना, मिळतो हे. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे विसरा. वरच्या गिअरमध्ये ८० ते १२० किती सहज होतं, ते विचारा. पुढचा ट्रक डाव्या लेनमध्ये गेला, तुमच्यासमोर रस्ता मोकळा झाला, त्या क्षणी खाली गिअर टाकावा लागतो की नुसता पाय टेकवून भागतं? जुन्या, २००१ च्या पिढीच्या होंडा सिव्हिक टाइप आरचं २ लिटर इंजिन २०० हॉर्सपॉवरचं होतं. टर्बो नाही, आठ हजारांपर्यंत चढणारं, ऐकत राहावं असं. पण त्याचा १९६ न्यूटन मीटरचा टॉर्क जवळजवळ सहा हजार आरपीएमला मिळायचा. सातव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयच्या टर्बो इंजिनाची ताकद २२० हॉर्सपॉवर, म्हणजे फार वेगळी नाही. मात्र तिचा टॉर्क ३५० न्यूटन मीटर आणि तो १,५०० आरपीएमपासूनच हजर. पहिल्या गाडीवर माझं मनापासून प्रेम आहे. तरी रोज हायवेला जायचं असेल, तर दुसरीच घ्या म्हणून सांगेन.

आता माझ्या आवडीचा हिशेब. हॉट हॅचवर नेहमी दिसणारा २२५/४० आर१८ टायर घ्या (२२५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के, चाक १८ इंची). त्याचा परीघ जवळपास बरोबर २ मीटर भरतो. ताशी १२० म्हणजे मिनिटाला २,००० मीटर. म्हणजे १२० च्या वेगाला चाक मिनिटाला १,००० फेरे घेतं. गाडीच्या माहितीपत्रकातला सर्वांत वरच्या गिअरचा रेशो आणि फायनल ड्राइव्हचा (गिअरबॉक्स आणि चाकं यांच्यामधल्या शेवटच्या गिअरचा) रेशो यांचा गुणाकार करा, हजाराने गुणा, की त्या वेगाला इंजिन किती आरपीएमला फिरणार, ते घरबसल्या कळतं. गुणाकार २.४ आला तर २,४००, ३.२ आला तर ३,२००. वजनाखाली टायर थोडा दबतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा दोन-तीन टक्क्यांनी जास्त धरा. माझी मर्यादा ३,००० ची आहे. त्याच्या वर गेलं की पेट्रोलपेक्षाही कान आधी तक्रार करतात.

तशी ही जात हायवेवरच वाढलेली आहे. पहिली गोल्फ जीटीआय १९७५ साली फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये दिसली आणि १९७६ मध्ये विक्रीला आली. ११० हॉर्सपॉवर, आणि जर्मन ऑटोबानच्या डाव्या, वेगवान लेनमध्ये मोठ्या गाड्यांच्या बरोबरीने राहण्याची हिंमत. सुरुवातीला तिला चारच गिअर होते, पाचवा १९७९ मध्ये मिळाला. लांबच्या रस्त्यावर इंजिनाला श्वास घ्यायला जागा हवी, ही मागणी तेव्हापासूनची आहे.

कानांचा विषय निघालाच आहे, तर थोडं थांबू या. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. ३,००० आरपीएमला सेकंदाला शंभर, म्हणजे १०० हर्ट्झचा खर्जातला स्वर. याच पट्ट्यात गाडीची केबिन घुमायला लागते. चाचणीच्या पंधरा मिनिटांत हे घुमणं रुबाबदार वाटतं, पण रोजच्या दुसऱ्या तासाला डोकं धरतं. चांगल्या कंपन्या यावर खरंच कष्ट घेतात. २०१७ च्या सिव्हिक टाइप आरला मागे तीन नळकांड्या आहेत, आणि मधली शोभेची नाही: स्थिर वेगातलं घुमणं कमी करण्यात तिचा वाटा आहे. दुर्दैवाने या गाड्या घेणारे अनेक जण पहिल्या महिन्यात मूळ एक्झॉस्ट काढून मोकळा एक्झॉस्ट बसवतात, आणि इंजिनीअरांनी घालवलेलं घुमणं पैसे मोजून परत आणतात. तुमचा प्रवास लांबचा असेल तर त्या वाटेला जाऊ नका, अगदी कळकळीने सांगते.

इंजिनापेक्षाही जास्त आवाज टायरचा असतो. शंभरच्या पुढे इंजिन शांत असेल तर कानांवर राज्य टायर आणि वारा यांचंच. टायरच्या आतल्या पोकळीतली हवासुद्धा साधारण २०० हर्ट्झच्या आसपास घुमते. खडबडीत डांबरावर जो पोकळ गुंजारव ऐकू येतो, त्यात तिचा मोठा भाग असतो. आत फोमचा थर लावलेले टायर मिळतात, ते नेमके यासाठीच. तुमच्या मापात मिळत असतील तर पुढच्या वेळी टायर बदलताना विचार करा.

आणि आता तो निर्णय, जो मी सगळ्यात महत्त्वाचा मानते: चाकाचा आकार. गोल्फ जीटीआयच्या १७ इंची चाकावर २२५/४५ टायर असेल तर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, १०१ मिलिमीटर. १८ इंचीवर २२५/४० म्हणजे ९०. १९ इंचीवर २२५/३५ म्हणजे ७९. बाहेरून टायर जवळपास तेवढाच दिसतो, पण रस्ता आणि तुमची पाठ यांच्यामधलं रबर वीस टक्क्यांहून जास्त घटलेलं असतं. १९ इंची चाकं फोटोत सुंदर दिसतात, कबूल. पण काँक्रीटच्या रस्त्यावर ठरावीक अंतराने सांधे असतात. समजा हे अंतर ५ मीटर आहे. १२० च्या वेगाला तुम्ही सेकंदाला ३३ मीटर जाता, म्हणजे सेकंदाला साडेसहा-सात सांधे. माणसाचं शरीर उभ्या दिशेच्या ४ ते ८ हर्ट्झच्या कंपनांना सगळ्यात जास्त संवेदनशील असतं. म्हणजे नेमक्या त्या पट्ट्यात, तासभर, ठक-ठक-ठक. हे धक्के मोठे नसतात, खड्ड्यासारखे लक्षातही येत नाहीत. संध्याकाळी घरी पोचल्यावर पाठ आणि मान का आखडलीय, याचं उत्तर मात्र तिथे असतं. त्यामुळे कंपनी ज्या लहानात लहान चाकावर ती गाडी देते, ते घ्या. आधीच मोठी चाकं असतील तर लहान चाक ब्रेकच्या कॅलिपरवर बसतं का, याची खात्री करून मगच बदला.

सस्पेन्शनमध्ये एकाच गोष्टीवर जास्तीचे पैसे घालावेत असं मला वाटतं, ते म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्ह डॅम्पर. डॅम्पर म्हणजे धक्के शोषणारे भाग, आणि हे आपला कडकपणा गरजेप्रमाणे बदलतात. ह्युंदाई आय३० एनमध्ये ते आहेत, आणि साध्या मोडमध्ये ती रोजची गाडी म्हणून शहाण्यासारखी वागते. सिव्हिक टाइप आरच्या २०१५ च्या आवृत्तीचा कडकपणा पुष्कळांना सोसला नाही. २०१७ च्या गाडीला वेगळा कम्फर्ट मोड मिळाला आणि तिचा स्वभावच बदलला. गोल्फमध्ये हे डॅम्पर बहुतेक वेळा पर्यायी असतात. म्हणून जुनी गाडी पाहताना नावावर जाऊ नका, त्या विशिष्ट गाडीत ते आहेत का, ते तपासा. चाचणीला एक मिळेल, घरी येईल दुसरीच.

स्टीअरिंगबद्दल परीक्षणांत 'चपळ' हा शब्द कौतुकाने येतो. वळणांवर तो खराच गुण आहे. पण सरळ रस्त्यावर जास्त चपळ गाडीला सतत बारीक-बारीक सावरावं लागतं, आणि तो शीण कळत-नकळत साचतो. लांब व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं जास्त अंतर, इथे मदत करतो. फोर्ड फिएस्टा एसटीचा व्हीलबेस अडीच मीटरच्या आतबाहेर, सिव्हिक टाइप आरचा २.७ मीटरच्या जवळ. हा फरक वाऱ्याच्या दिवशी हातांना समजतो. रेनोच्या मेगान आरएसची (२०१८ पासूनची) युक्ती मला फार आवडते. तिची मागची चाकंही वळतात. कमी वेगात पुढच्या चाकांच्या उलट दिशेला, आणि नेहमीच्या मोडमध्ये ताशी ६०च्या वर गेल्यावर त्याच दिशेला, म्हणजे लेन बदलताना गाडी लांब व्हीलबेसच्या गाडीसारखी स्थिर राहते. मात्र तिचं जास्त कडक कप चॅसी घेऊ नका, साधं स्पोर्ट घ्या.

फिएस्टा एसटीबद्दल अनेक जण विचारतात. २०१८ च्या पिढीचं तिचं १.५ लिटर, तीन सिलिंडरचं इंजिन २०० हॉर्सपॉवर देतं आणि भार कमी असताना एक सिलिंडर बंद करून इंधन वाचवतं. हायवेच्या दृष्टीने हा उत्तम विचार आहे. पण सस्पेन्शन कडक आहे, आणि ते कमी-जास्त करायची सोय नाही. अर्धा तासाच्या प्रवासाला मी ती आनंदाने सुचवेन, दीड तासाला नाही. टोयोटा जीआर यारिसचंही तसंच. १.६ लिटर, तीन सिलिंडर, चारही चाकांना ताकद, ही गाडी रॅलीसाठी जन्मलेली आहे. तिच्याबद्दल मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच तिला रोज क्रूझ कंट्रोलवर बांधून ठेवू नये असं वाटतं.

सीट. इथे घाई करू नका. बाजूंनी घट्ट धरणारी बकेट सीट वळणांवर हवी. सरळ रस्त्यावर तुम्हाला अधूनमधून बूड हलवता आलं पाहिजे. मांडीखाली गादी पुरेशी लांब आहे का, कमरेचा आधार कमी-जास्त होतो का, आणि उजवा पाय एकाच जागी तासभर ठेवल्यावर गुडघा कशाला टेकतो, हे बघा. हे शोरूममध्ये पाच मिनिटांत कळत नाही. चाचणीला निदान एक तास मागा, आणि तोही तुमच्या रोजच्या रस्त्यावर.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक? रस्ता खरोखर मोकळा असेल तर मॅन्युअल घ्या, वरच्या गिअरमध्ये टाकल्यावर हात तसाही रिकामाच. पण शहराच्या तोंडाशी रोज वाहनांची रांग लागत असेल, तर ड्युअल-क्लच (दोन क्लच वापरून झटपट गिअर बदलणारी) ऑटोमॅटिक आणि तिच्याबरोबर पुढच्या गाडीमागे वेग स्वतः कमी-जास्त करणारा, थांबून पुन्हा चालू होणारा अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल ही जोडी आयुष्य बदलते. टाइप आर फक्त मॅन्युअलच मिळते. आय३० एनला पुढे ८ गिअरचा ड्युअल-क्लच आला, तो चांगला आहे.

डिझेलचं नाव काढलं की हॉट हॅचवाले नाक मुरडतात, पण गोल्फ जीटीडीसारखी गाडी या कामासाठी फार समजूतदार निवड आहे. सातव्या पिढीत १८४ हॉर्सपॉवर आणि ३८० न्यूटन मीटर, शिवाय लांब, सलग प्रवासात डिझेलचा काजळी-फिल्टर आपोआप जळून साफ होत राहतो. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तोच तुंबतो. तुमचे किलोमीटर फार असतील तर हिचा विचार केल्याशिवाय पेट्रोलकडे जाऊ नका.

मला एकच गाडी सांगायला लावलीत, तर सातव्या किंवा आठव्या पिढीची गोल्फ जीटीआय, लहान चाकांवर, अ‍ॅडॅप्टिव्ह डॅम्परसह. ती सगळ्यात थरारक नाही. पण रोज संध्याकाळी हायवे सोडून शेवटच्या रिकाम्या वळणांवर आल्यावर तुमच्यात उत्साह उरलेला असतो, आणि तिच्यातही.

जुनी घेत असाल तर टायर हाताने चाचपा. आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा गाडीची उंची मुद्दाम कमी केलीय. हायवेचे किलोमीटर जास्त असतील तर घाबरू नका, सर्व्हिसच्या नोंदी वेळच्या वेळी असल्या की ते इंजिनासाठी सौम्यच असतात. आणि एक्झॉस्ट बदललेला असेल, तर मूळचा जपून ठेवलाय का, हे किमतीच्या आधी विचारा.