तुम्ही विचारलंत म्हणून: हो, डार्क सोल्स टूच

डार्क सोल्स ही तीन व्हिडिओ गेम्सची मालिका, आणि तिच्याबद्दलचा प्रश्न नेहमी दोन हप्त्यांत येतो. आधी "तुझा फेवरेट सोल्स कुठला?" असा साधासरळ, मग मी उत्तर देते, मग समोरचा जरा थांबतो आणि मग येतं, "टू? सीरियसली?" या दुसऱ्या प्रश्नाचा मला आता कंटाळा आलाय. त्याच कंपनीच्या नंतरच्या एल्डन रिंगपासून सुरुवात केलेल्या पोरांना वाटतं मी मुद्दाम वेगळं काहीतरी बोलून भाव खातेय. चुलतभावाच्या एका मित्राने तर तोंडावर विचारलं, "ताई, बाकीचे खेळलीयेस ना पण नक्की?" खेळलेय रे बाबा. सगळे खेळलेय, त्याच कंपनीचे ब्लडबोर्न आणि सेकिरो धरून, आणि पहिला डार्क सोल्स टूपेक्षा जास्त चांगला बांधलेला गेम आहे हेही मला कळतं. फेवरेट विचारलंस ना? बेस्ट नाही ना विचारलंस?

तर एकदाच लिहून टाकते, पुढच्याला हेच पाठवता येईल.

आधी तुमची टूबद्दलच्या तक्रारींची यादी. पहिल्याचा डायरेक्टर मियाझाकी इथे डायरेक्टर नव्हता, तो ब्लडबोर्नमधे अडकलेला होता, टूचे डायरेक्टर शिबुया आणि तानिमुरा. माहितेय. ट्रेलरमधे जे लायटिंग दाखवलं, हातात मशाल घेऊन अंधारात चाचपडत जायचं वगैरे, ते २०१४ मधे गेम आला तेव्हा त्यात नव्हतंच. माहितेय. चार चार जण एकदम अंगावर येतात, हिटबॉक्स, म्हंजे वार लागला की नाही ते ठरवणाऱ्या अदृश्य चौकटी, कधीकधी शुद्ध थापा मारतात, भाला आपल्या शेजारून गेला तरी आपण त्यावर टांगलेले दिसतो. तेही माहितेय, मी टांगून घेतलंय.

अडॅप्टेबिलिटी या स्टॅटबद्दल, म्हंजे लेव्हल वाढवताना वाढवायच्या एका आकड्याबद्दल, तर मी तुमच्या बाजूने भांडायला तयार आहे. रोल मारताना किती क्षण मार लागणार नाही हे एका वेगळ्या स्टॅटवर ठेवायचं, एस्टस, म्हंजे हेल्थ भरून काढणारं औषध, पिण्याचा वेगही त्यालाच बांधायचा, आणि हे स्टॅट नेमकं काय करतं ते धड सांगायचं नाही, ही काय पद्धत झाली? नवा माणूस ताकद वाढवत बसतो, रोल वेळेवर मारूनही मरतो आणि त्याला वाटतं आपलेच हात कच्चे आहेत. अडॅप्टेबिलिटी वाढवून अजिलिटी १०५ पर्यंत न्या, गेम बदलतो. पण हे कुणीतरी सांगावं लागतं.

आणि ती लिफ्ट. अर्दन पीक या भागातल्या पवनचक्कीच्या टोकावर चढायचं, तिथून लिफ्टने आणखी वर जायचं, आणि वर काय, तर लाव्हात बुडालेला अख्खा किल्ला. आकाशात. बाहेरून बघा, चक्कीच्या वर काहीसुद्धा नाही. यावर पूर्वी मी एक थिअरी लोकांना ऐकवायचे, की आपला हीरो हॉलो, म्हंजे भान हरपलेलं जिवंत मढं, होत चाललाय, स्मृती जातेय, म्हणून मधला प्रवास त्याच्या डोक्यातून गळून पडतो आणि जागा एकमेकींना अशा चिकटतात. फार आवेशात सांगायचे. मग कळलं की डेव्हलपमेंटच्या मधेच अख्ख्या गेमची पुन्हा जुळणी करावी लागली होती, तानिमुराने स्वतः मुलाखतीत सांगितलंय. म्हंजे बहुतेक डेडलाइन होती, स्मृतिभ्रंश नव्हता. तरी तिथून वर जाताना मला अजून ती थिअरीच आठवते, काय करणार.

"तू तो पहिला खेळलीस म्हणून" हे आणखी एक. पहिला नव्हता. डार्क सोल्स वन मी आधी पीसीवर सुरू केला होता, कन्सोलवरून आणलेला तो भयाण पोर्ट, आणि ब्लाइटटाउन या भागात सोडून दिला होता. पूर्ण केलेला पहिला मात्र टू, हे खरंय, त्यामुळे तुमच्या मुद्द्यात थोडं तथ्य असेलही. असू दे.

आता मुख्य गोष्ट. हे मी कुणाला नीट सांगितलेलं नाही, कारण बोलताना दोन मिनिटांत सांगितलं की ते फालतू वाटतं.

माजुला या सुरुवातीच्या गावात पोचल्यापासून एमरल्ड हेरल्ड नावाची बाई तुम्हाला एकच सांगते, राजाला भेट. अख्खा गेम राजा राजा राजा. चार मोठे आत्मे गोळा करा, मग पावसात उभा असलेला ड्रँगलेकचा राजवाडा, तिथे राणी नशांड्रा बसलीये, राजा नाही. तीही म्हणते व्हेंड्रिकला, म्हंजे राजाला, शोध. मग अमानाचं देऊळ, जिथे गुडघाभर पाण्यातून जायचं आणि लांबून त्या पुजारणी मंत्रांचा मारा करत राहतात, तिथे माझी जी वाट लागली ती वेगळी. मग अनडेड क्रिप्ट. तिथला थडग्यांचा राखणदार अगडेन सांगतो उजेड करू नकोस, आणि मशाल पेटवलीत तर तोच अंगावर येतो. मग शेवटी वेलस्टाट, राजाचा अंगरक्षक, घंटेसारखा तो अजस्र हातोडा घेऊन. राज्य संपलं तरी हा दाराशी उभाच. त्याच्याकडून किती मार खाल्ला ते सांगत नाही.

तो मेला आणि मला वाटलं, आता राजा. रात्र बरीच झाली होती, रूममेट झोपलेली, हेडफोन लावलेले. पण मी लगेच आत गेले नाही. बॉनफायरला, म्हंजे विश्रांतीच्या शेकोटीला, परत आले, शस्त्राची घासलेली धार भरून निघाली, एफिजी नावाची वस्तू वापरून ह्यूमन झाले कारण हॉलो राहिलं तर हेल्थ उतरत अर्ध्यावर येते, अंगठ्या बदलल्या, एस्टस पूर्ण. अगदी परीक्षेला बसल्यासारखी तयारी. मग आत.

आत गोल, अंधारी खोली. बॉसचा हेल्थबार येईना. एका बाजूला एक चिलखत पडलेलं, आणि लांबून पावलांचा आवाज, आणि लोखंड फरशीवर घासल्याचा. मग दिसला. प्रचंड मोठा, वाळून लाकूड झालेला, अंगावर जेमतेम कमरेचं फडकं, हातातली तलवार जमिनीवरून ओढत घाण्याच्या बैलासारखा गोल फिरतोय. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीये. मी ढाल वर करून उभी. आता येईल, आता येईल. तो माझ्या जवळून गेला आणि पुढची फेरी सुरू.

मी त्याच्या मागे चालायला लागले. का ते विचारू नका. एक फेरी, आणखी एक. सारखं वाटत होतं की कुठलातरी कटसीन सुरू व्हायचा राहिलाय, मी चुकीच्या जागी उभी आहे. मग ते चिलखत उघडलं, तर त्यात राजाची अंगठी. पुढचे दरवाजे उघडायला तेवढीच लागते. म्हंजे काम झालं. राजाला न भेटताच राजाचं काम झालं, आणि राजा तिथेच फिरतोय.

आणि मला राग आला. खराखुरा राग. इतके तास मी यासाठी घातले? म्हणून मी त्याला मारलं. डॅमेज जवळपास शून्य. पुन्हा मारलं. तो फिरतच राहिला. आणखी एक-दोन वार, आणि मग तो वळला, सावकाश, घाई नाही काही, आणि एका वारात मला झोपवलं. स्क्रीनवर "यू डाइड", आणि मी रूममेट जागी होईल इतक्या मोठ्याने काहीतरी बोलले जे इथे लिहीत नाही.

नंतर कळलं त्याची डिफेन्स जायंट्सच्या आत्म्यांशी बांधलेली आहे. तुमच्याकडे ते जितके जास्त तितकी त्याची डिफेन्स कमी, पाचपर्यंत. ज्या राक्षसांचा देश त्याने समुद्रापलीकडे जाऊन लुटला त्यांचेच आत्मे. मी पाचही जमवले, परत गेले, मारला त्याला. लांबलचक, कंटाळवाणी फाइट. जिंकल्यावर अजिबात बरं वाटलं नाही, आणि ते वाटू नये असंच त्यांना हवं होतं की फाइटच नुसती बोअर होती, हे मला आजही ठरवता येत नाही. तेव्हाची मी म्हणायची, बघा केवढं धाडस, ज्याच्यासाठी अख्खा गेम चाललो तो बॉसच नाही. आताची मी म्हणते, पाच वस्तू गोळा करून आण हा प्रकार कुठल्या बाजूने धाडसी आहे गं? दोघींचं पटत नाही.

इथे लोक हमखास विचारतात, त्या काळात काही पर्सनल चालू होतं का. नव्हतं. गेमने मला कशातूनही बाहेर काढलेलं नाही. नोकरी बरी चालली होती, घरचे ठणठणीत होते, नुसता एक गेम खेळत होते आणि त्यातला एक राजा मला सोडत नाही. एवढंच कारण पुरत नाही का?

बाकी सगळं मग त्या खोलीतून बघितलं की वेगळं दिसतं, मला तरी. प्रत्येक मरणागणिक तुमची हेल्थ थोडी कापली जाते. तोच शत्रू बारा-पंधरा वेळा मारला की तो परत येतच नाही, रस्ते रिकामे होत जातात. लोकांना हे सोपं करणं वाटतं, मला भकास वाटतं, मोकळ्या रस्त्याने बॉसकडे चालत जायचं, आपणच सगळं संपवलेलं. ल्युकाटिएल, मुखवटेवाली, दर भेटीत थोडी जास्त विसरलेली, शेवटी आपलं नाव लक्षात ठेव म्हणून विनवते. तिला तीन बॉसफाइट्समधे जिवंत ठेवलं तरच तलवार आणि कपडे देते. माझ्याकडून ती पहिल्यांदा वाचली नव्हती.

डीएलसीत, म्हंजे गेमला नंतर आलेल्या जोडभागांत, याच राजाची आठवण उघडते आणि तिथे तो चक्क बोलतो. चारही मुकुट जमवून नेले की असा आशीर्वाद देतो की मुकुट डोक्यावर असेपर्यंत तुम्ही हॉलो होत नाही. मला ते नको होतं. तो गप्प होता तेच बरं होतं. मुकुट मात्र मी घातला, आणि अजून काढलेला नाही, कारण दर वेळी एफिजी कोण शोधत बसणार.

तुम्ही म्हणाल पॉवर स्टान्सबद्दल, म्हंजे दोन हातांत दोन शस्त्रं एकदम चालवण्याबद्दल, बोलली नाही, बॉनफायर असेटिक टाकून हवा तो बॉस परत उठवता येतो त्याबद्दल नाही, डीएलसीतल्या आयव्हरी किंग या बॉसच्या फाइटबद्दल नाही. ती फाइट पूर्ण सिरीजमधली माझी सगळ्यात आवडती आहे, आणि त्याच डीएलसीत फ्रिजिड आउटस्कर्ट्स आहे, बर्फाचं वादळ, समोरचं दिसत नाही आणि त्यातून ते घोडे. ज्याने कुणी ते बनवलं त्याला मी माफ केलेलं नाही. दोन्ही एकाच डीएलसीत, हाच टू.

आणि हो, नवीन कुणी विचारलं कुठून सुरू करू, तर मी टू सांगत नाही. पहिला सांगते. यावरून भाऊ मला ढोंगी म्हणतो. म्हणू दे, त्याचा फेवरेट थ्री आहे.